गोळी नेमकी किती पडते? बेंजामिन रॉबिन्सची गोष्ट

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवते का? पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मेडल मिळवलं आणि हॉस्टेलवर एकच गलका झाला. संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर तर जो तो नेमबाजीतला तज्ज्ञ! त्या गर्दीत आमच्यातल्याच एकाने शंका काढली, की ५० मीटरवर गोळी सरळच जाणार, त्यात अवघड ते काय? नेम धरायचा आणि चाप ओढायचा.

पण गोळी सरळ जात नाही. हिशेब करून बघा. पॉइंट टू-टू रायफलची मॅचची गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. ५० मीटर कापायला तिला ०.१५ सेकंद लागतात. अर्धा जी टी वर्ग केलं की उत्तर येतं अकरा-बारा सेंटिमीटर. आणि त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढ्या ठिपक्यावर मारायचंय आणि गोळी तिथे पोचेपर्यंत त्या ठिपक्याच्या दहापटीहून जास्त खाली आलेली असते. रायफलची साइट तेवढी वर धरून लावलेली असते, म्हणून आपल्याला सरळ वाटतं इतकंच.

५० मीटरवर हे सरावाच्या चार गोळ्या मारून जमवता येतं. खरी पंचाईत लांब पल्ल्यावर होते. समजा मोठ्या रायफलची गोळी ८०० मीटर प्रति सेकंदाने सुटली आणि टार्गेट ६०० मीटरवर आहे. बारावीच्या फॉर्म्युल्याने पाऊण सेकंद लागेल आणि गोळी पावणेतीन मीटर पडेल. प्रत्यक्षात ती त्याच्याही खाली, मीटरभर तरी जास्त पडते. कारण बारावीच्या त्या पुस्तकात एक वाक्य असतं, जे आपण कुणीच कधी मनावर घेत नाही: हवेचा रोध दुर्लक्षित करा.

हल्ली लांब पल्ल्याचे नेमबाज मोबाइलवरचं अ‍ॅप वापरतात. गोळीचा वेग, वजन, आकार, तापमान, हवेचा दाब असं सगळं भरलं की अ‍ॅप सांगतं, अमुक अंतरावर गोळी अमुक इतकी पडेल. मग मैदानावर जाऊन मारून बघायचं. पहिल्या फटक्यात ते क्वचितच जुळतं. मग कुठला आकडा चुकला ते शोधत बसायचं. हा उद्योग सगळ्यात आधी मुळापासून कुणी केला, हे लायब्ररीत आणि इंटरनेटवर शोधता शोधता मला बेंजामिन रॉबिन्स हा माणूस सापडला. इंग्रज होता, पण मेला आपल्या देशात. तेही अशा किल्ल्यात, जो एके काळी मराठ्यांनी इंग्रजांना विकला होता. त्या व्यवहाराची गंमत शेवटी सांगतो, कारण तिथेही मोजमाप तोफगोळ्यानेच झालं होतं.

त्याआधी एक कबुली. बारावीला लंबकाच्या प्रयोगात जी ची किंमत काढायची होती. माझी आली ९३०. शेजारच्याची ९८१ आली म्हणून मीही दोन रीडिंग खोडली, उत्तरापासून उलटा हिशेब केला आणि ९७९ आणली. बरोब्बर ९८१ आणली तर संशय येतो, हे शहाणपण तेव्हाही होतं! जर्नलवर सही झाली, मार्क मिळाले. हॉस्टेलवर राहणाऱ्या वाचकांना हे नवीन नाही. रीडिंग मॅनेज करणे ही आपल्याकडे कला आहे. रॉबिन्सचं चरित्र वाचताना मला ती खोडलेली दोन रीडिंग सारखी आठवत होती, म्हणून सांगितलं.

बेंजामिन रॉबिन्स १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ या गावी जन्मला. घरची गरिबी, वडील शिंपीकाम करायचे, घराणं क्वेकर पंथाचं. साधे कपडे, साधं राहणं आणि शस्त्राला हात लावायचा नाही असा तो पंथ. त्याच घरातला मुलगा पुढे तोफांच्या शास्त्राचा जनक व्हावा हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. गणितात पोराची हुशारी बघून ओळखीच्यांनी त्याचं काम लंडनला हेन्री पेंबर्टनला दाखवलं. न्यूटनच्या प्रिन्सिपियाची १७२६ ची तिसरी आवृत्ती ज्याने संपादित केली तोच हा पेंबर्टन. त्याने मुलाला लंडनला यायला सांगितलं. आणि १७२७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, रॉबिन्स रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आपण विसाव्या वर्षी एम-थ्रीचा बॅकलॉग काढत असतो, असो.

कॉलेजात तो शिकला नव्हता, पदवीही नव्हती. पोटासाठी गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. पुढेही हा माणूस भांडायला कुणाला घाबरला नाही. योहान बर्नुलीसारख्या दिग्गजाची टक्करीच्या नियमांवरची मांडणी त्याने वयाच्या एकविसाव्या वर्षी जाहीरपणे खोडून काढली. बिशप बर्कलीने न्यूटनच्या कॅल्क्युलसची टर उडवली तेव्हा १७३५ मध्ये न्यूटनच्या बाजूने पुस्तक लिहून उत्तर दिलं. पण तासन्‌तास खुर्चीत बसून पोरांना शिकवणं हे काही त्याच्या स्वभावाला मानवेना. हळूहळू शिकवण्या सोडल्या आणि तो इंजिनिअरिंगकडे वळला. पूल, गिरण्या, बंदरं, दलदलीतलं पाणी काढणं. मग किल्ले बघायला बेल्जियमच्या बाजूला फ्लँडर्समध्ये फिरून आला. तटबंदी बघता बघता तटबंदी पाडणाऱ्या तोफांकडे लक्ष गेलं असणार.

याच काळात त्याने एक उद्योग केला, जो त्याला महागात पडला. पंतप्रधान वॉलपोलच्या धोरणावर टीका करणारी तीन पत्रकं १७३९ मध्ये त्याने लिहिली. ती गाजली. आणि १७४१ मध्ये वुलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी रॉयल मिलिटरी अकादमी निघाली, तेव्हा तिथल्या तटबंदीशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी रॉबिन्सने अर्ज केला. जागा जॉन मुलरला मिळाली. सरकारची मर्जी आड आली, असं बहुतेक चरित्रकार मानतात. पण त्या मुलाखतीच्या आशेने रॉबिन्सने आपण काय शिकवू याच्या नोट्स काढून ठेवल्या होत्या. नोकरी गेली, नोट्स राहिल्या. त्याच वाढवून १७४२ मध्ये त्याने न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी हे पुस्तक काढलं. पुस्तक छोटंसं आहे.

आता त्या पुस्तकात एवढं काय होतं ते सांगायला हवं.

गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवलं होतं की निर्वातात फेकलेली वस्तू पॅराबोलात जाते. फार सुंदर गणित. ४५ अंशाला पल्ला सगळ्यात जास्त, ३० आणि ६० ला सारखाच. तोफखान्याच्या पुस्तकांनी हे उचललं आणि शंभर वर्षं त्यावर तक्ते छापले. हवेचं काय? तर लोखंडी गोळ्यापुढे हवेचं वजन ते किती, असा युक्तिवाद. धूमकेतूवाला हॅली सुद्धा मोठ्या गोळ्यांना हवेचा अडथळा नगण्य असतो याच मताचा होता. न्यूटनने हवेच्या रोधाचं गणित मांडलं होतं, बर्नुलीने १७१९ मध्ये रोधासकट मार्गाचं समीकरणही सोडवलं होतं. म्हणजे समीकरण तयार होतं. त्यात घालायला आकडे मात्र कुणाकडेच नव्हते. सुटलेल्या गोळीचा वेग किती, हेच माहीत नव्हतं! आणि तोफचीसुद्धा तक्रार करत नव्हते, कारण एक तर ते जवळून मारायचे, आणि गोळा चुकला की दारू ओली होती, वारा होता, गोळा नीट ओतला नव्हता, अशी कारणं तयारच असायची. माझी लंबकाची दोरी ताणली गेली होती, त्यातलाच प्रकार.

रॉबिन्सने कारणं देणं बंद केलं आणि वेग मोजायचं ठरवलं. १७४२ साली! सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ नव्हतं, फोटो नव्हता, सेन्सर नव्हता. त्याने काय केलं? तीन खांबांची तिकाटी उभी केली आणि तिला एक जड लोखंडी लंबक टांगला. खालच्या टोकाला जाड लाकडी फळी स्क्रूने बसवली. बंदूक फळीवर रोखून उडवायची. गोळी लाकडात रुतते, लंबक मागे झोका घेतो. लंबकाच्या तळाला एक फीत बांधलेली. ती एका चिमट्यातून ओढली जाते आणि जितकी ओढली गेली तितकीच राहते. फितीची लांबी मोजली की झोक्याच्या चापाची जीवा मिळते, जीवेवरून लंबक किती वर गेला ते मिळतं, त्यावरून लंबकाचा वेग आणि मोमेंटमच्या नियमाने गोळीचा वेग. हाच तो बॅलिस्टिक पेंड्युलम, जो आपण फर्स्ट इयरला पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो.

आकडे घालून बघू. गोळी पाऊण इंच व्यासाची, वजन पौंडाचा बारावा भाग, म्हणजे ३८ ग्रॅम. लंबक साधारण ५६ पौंडांचा. म्हणजे लंबक गोळीच्या पावणेसातशे पट जड. गोळी सेकंदाला १६७० फूट वेगाने आली तर लंबक ढोबळमानाने अडीच फूट वेगाने हलेल. अडीच फूट प्रति सेकंद म्हणजे पाळण्याचा झोका. तो डोळ्यांनी दिसतो, फितीने मोजता येतो. बंदुकीच्या गोळीला त्याने पाळण्याच्या वेगावर आणून मोजलं, यापेक्षा हुशार इन्स्ट्रुमेंट मला तरी माहीत नाही. जाता जाता एक: व्हायव्हात इथे एनर्जी कॉन्झर्व्हेशन लावू नका. तसं केलं तर लंबकाचा वेग चौसष्ट फूट येतो आणि लंबक तिकाटीसकट उडेल! गोळीची ९९ टक्क्यांहून जास्त एनर्जी लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जाते. टक्कर चालू असताना मोमेंटम, झोका चालू असताना एनर्जी. हे वेगळं ठेवण्यातच रॉबिन्सचं डोकं दिसतं.

त्याआधी त्याने वेगाचं भाकीतही करून ठेवलं होतं. दारू पेटली की वायू होतो, त्याचा दाब सुरुवातीला वातावरणाच्या हजारपट, मग गोळी नळीतून पुढे सरकेल तसा बॉइलच्या नियमाने दाब उतरत जातो. पी-व्ही आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे काम. थर्मोच्या दुसऱ्या युनिटमधलं गणित, थर्मो जन्मायच्या शंभर वर्षं आधी. या हिशेबाने त्याच्या ४५ इंची नळीतून गोळी १६६८ फूट प्रति सेकंद वेगाने सुटायला हवी होती. लंबकाने दिलेले वेग त्याच्या आसपास आले.

इथे कुणीही थांबला असता. भाकीत आलं, प्रयोग जुळला, सही घ्या. रॉबिन्स थांबला नाही. त्याने तीच बंदूक, तीच दारू घेऊन लंबकापासूनचं अंतर बदललं. २५ फुटांवरून, ७५ फुटांवरून आणि १२५ फुटांवरून गोळ्या मारल्या. सरासरी वेग आले अनुक्रमे सुमारे १६७०, १५५० आणि १४२५. प्रत्येक पन्नास फुटांना गोळी सव्वाशे फूट प्रति सेकंद वेग गमावत होती! यावरून मागे ओढणारं बल काढा. ५० फूट जायला सेकंदाचे जेमतेम ३१ हजारांश भाग लागतात. तेवढ्यात १२० चा वेग गेला, म्हणजे मंदन सुमारे ३९०० फूट प्रति सेकंद वर्ग. ते जी ने भागा. उत्तर १२०. म्हणजे जी हवा नगण्य म्हणून सोडून दिली होती, ती गोळीला तिच्या स्वतःच्या वजनाच्या १२० पट बलाने मागे ढकलत होती.

हा आकडा बघून त्या काळी लोकांना काय वाटलं असेल! निर्वाताच्या फॉर्म्युल्याने ही गोळी ४५ अंशांत १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही. २४ पौंडी तोफगोळा पुस्तकाप्रमाणे १६ मैल, प्रत्यक्षात तीन मैलांच्या आत. शंभर वर्षं छापलेले तक्ते पाच-दहा टक्क्यांनी नाही, पाचपट आणि तीसपट चुकले होते. आणि रोज तोफा उडत होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली. कमी वेगाला रोध न्यूटनच्या हिशेबाला बराचसा धरून असतो, पण जास्त वेगाला तो जवळजवळ तिप्पट होतो आणि हा बदल जिथे होतो तो वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास आहे. साउंड बॅरिअर हा शब्द यायला अजून दोनशे वर्षं होती. मघाशी आपण म्हटलं की मॅचची पॉइंट टू-टू गोळी ३३० मीटरने सुटते. ती मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खालीच ठेवतात, वाटेत ती सीमा ओलांडताना गोळी डळमळू नये म्हणून. स्वप्नीलच्या काडतुसाच्या पेटीत रॉबिन्स असा बसलेला आहे.

पुस्तक बर्लिनला लिओनार्ड ऑयलरच्या हाती पडलं. ऑयलर म्हणजे ज्याच्या नावाचा फॉर्म्युला, मेथड, इक्वेशन, अँगल काही ना काही प्रत्येक सेमिस्टरला आपल्या मानगुटीवर बसतं तोच. त्याने १७४५ मध्ये त्याचं जर्मन भाषांतर केलं आणि स्वतःच्या टिपा इतक्या जोडल्या की पुस्तक मूळच्या कित्येक पट झालं. पुढे ते फ्रेंचमध्ये गेलं. नेपोलियन तोफखान्यातला तरुण लेफ्टनंट असताना १७८८ मध्ये त्याने रॉबिन्सच्या पुस्तकावरून नोट्स काढल्या होत्या. ऑयलरने स्तुती केली, चुकाही दाखवल्या. पण एका मुद्द्यावर ऑयलर स्वतःच चुकला, आणि ती हकीकत मला सगळ्यात आवडते.

रॉबिन्सच्या लक्षात आलं होतं की गोळी नुसती खाली पडत नाही, ती डावीउजवीकडेही वळते. तेही एकसारखी नाही, पुढे पुढे जास्त वळते. त्याने ताडलं की नळीत घासताना गोळी स्वतःभोवती फिरायला लागते आणि फिरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूने जास्त ढकलते. सिद्ध कसं करायचं? त्याने बंदुकीची नळी तोंडाशी थोडी डावीकडे वाकवली. समोर ठराविक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. वाकडी नळी डावीकडे रोखलेली म्हणजे गोळी डावीकडे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण वाकड्या भागात गोळी नळीच्या उजव्या भिंतीला घासत बाहेर पडते, म्हणून ती एका ठराविक दिशेने फिरत सुटते. रॉबिन्सचं भाकीत होतं की ती आधी डावीकडे जाईल आणि मग वळून उजवीकडे येईल. पडद्यांवरची भोकं जोडून पाहिली. गोळी डावीकडे गेली आणि वळून उजवीकडे आली!

ऑयलरला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं पडलं की गोळ्या नीट गोल नसतात म्हणून वळतात, फिरण्याचा काही संबंध नाही. ऑयलर म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी तेच धरलं. शंभर वर्षांनी, १८५२ मध्ये, जर्मनीत माग्नुसने तोच परिणाम पुन्हा दाखवला आणि त्याला नाव मिळालं माग्नुस इफेक्ट. रिक्रिएशन हॉलमध्ये टेबल टेनिसचा टॉपस्पिन टाकता तेव्हा बॉल जो झपकन खाली येतो तो हाच. नाव रॉबिन्सचं हवं होतं, असं माझं मत आहे.

याचं उत्तरही त्यानेच दिलं. गोळी फिरणारच असेल तर तिला आपल्याला हवं तसं फिरवा, म्हणजे जाण्याच्या दिशेभोवती. नळीत आटे पाडलेली रायफल जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकारी लोक वापरत होते, पण ती अचूक का, हे कुणी सांगितलं नव्हतं. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात रॉबिन्सने ते सांगितलं, गोळी अंड्याच्या आकाराची करून जड टोक पुढे ठेवा असं सुचवलं आणि जे राष्ट्र रायफल आधी नीट आत्मसात करेल त्याचं सैन्य वरचढ ठरेल असं भाकीत केलं. त्याच्या आदल्या वर्षी, १७४६ मध्ये, त्याला कोप्ली पदक मिळालं होतं. मोठ्या सैन्यांनी रायफल सर्रास हाती घेतली ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर.

आता मघाच्या भाकिताकडे पुन्हा येतो. नळीतल्या दाबाचा हजारपट हा आकडा आठवतोय ना? तो कमी होता. ज्या वुलिचच्या अकादमीने रॉबिन्सला नाकारलं, तिथेच पुढे चार्ल्स हटन गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने १७७५ पासून रॉबिन्सचाच लंबक मोठा करून त्यावर खरे तोफगोळे मारले आणि दाब त्याहून बराच मोठा काढला. मग रॉबिन्सचं उत्तर जुळलं कसं? कारण दारूचा वायू स्वतःही जड असतो, काही भाग फटीतून निसटतो, त्याला हलवण्यात काम खर्च होतं, आणि हे त्याने धरलं नव्हतं. एक आकडा कमी आणि एक खर्च वगळलेला. दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकलं.

आजचा लांब पल्ल्याचा नेमबाज रोज याच भानगडीत असतो. अ‍ॅपने ६०० मीटरवर सांगितलं त्यापेक्षा गोळी दहा सेंटिमीटर खाली लागली. आता चूक कुठे? गोळी सुटतानाचा वेग ८०० ऐवजी ७९० असेल तरी साधारण तेवढाच फरक पडतो. हवेचा रोध आपण धरला त्यापेक्षा थोडा जास्त असेल तरी तेवढाच पडतो. अ‍ॅपमध्ये यातला कुठलाही एक आकडा ढकलला की ६०० मीटरचं उत्तर जुळतं. नेमबाज खूश. पण चुकीचा आकडा ढकलला असेल तर ९०० मीटरला पुन्हा फसगत, आणि या वेळी मोठी. म्हणून जाणकार लोक आधी क्रोनोग्राफने सुटतानाचा वेग स्वतंत्रपणे मोजतात, मग वेगवेगळ्या अंतरांवर मारून रोधाचा आकडा दुरुस्त करतात. रॉबिन्सने २५, ७५ आणि १२५ फुटांवरून मारलं ते याचसाठी. दाबाचा आकडा चुकला तरी रोधाचा आकडा टिकला, कारण तो भाकितातून आला नव्हता, तीन अंतरांच्या मोजमापातून आला होता. माझी ९७९ मात्र एकाच लांबीच्या दोरीची होती. दुसरी लांबी घेऊन बघ म्हणणारं कुणी भेटलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं.

यानंतरची काही वर्षं रॉबिन्स बरंच काही करत होता. जगप्रदक्षिणा करून आलेल्या अ‍ॅन्सनच्या सफरीचं पुस्तक १७४८ मध्ये आलं. नाव जहाजावरच्या पाद्र्याचं, पण लिखाणात रॉबिन्सचा मोठा हात होता असं मानतात. १७४९ मध्ये युद्धसमाप्तीनिमित्त लंडनला मोठी आतषबाजी झाली तेव्हा सगळे वर बघून टाळ्या पिटत असताना हा गडी रॉकेट किती उंच जातात त्याची मोजमापं करत होता. दिवाळीत हॉस्टेलच्या गच्चीवर करून बघण्यासारखं आहे, फक्त वॉर्डन सरांना विचारून.

त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला मुख्य इंजिनिअर नेमलं. कारण साधं होतं. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतलं होतं, तहात ते १७४९ ला परत मिळालं, पण तटबंदी किती कच्ची आहे ते सगळ्यांना कळून चुकलं होतं. आयुष्यभर किल्ल्यांचा अभ्यास केलेल्या माणसाला शेवटी एकदाचे खरे किल्ले मिळाले. १७४९ च्या अखेरीस तो निघाला आणि जुलै १७५० मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला.

आता तो किल्ला. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, हा किल्ला मराठ्यांकडून इंग्रजांनी विकत घेतला. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलायहू येल होता, ज्याच्या नावाने अमेरिकेत येल विद्यापीठ आहे. सौदा असा ठरला की किल्ला तर मिळेलच, शिवाय किल्ल्यावरून उडवलेल्या तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची सगळी जमीनही मिळेल. इंग्रजांनी मद्रासहून चांगल्यातली चांगली पितळी तोफ मागवली आणि वेगवेगळ्या दिशांना गोळे मारले. गोळ्याच्या टप्प्यात आलेली गावं, कडलूरसकट, कंपनीची झाली. त्या गावांना पुढेही तोफगोळ्याची गावं असंच म्हणत राहिले.

मी वहीत सहज हिशेब करून पाहिला. उदाहरणापुरती रॉबिन्सची २४ पौंडी तोफ धरू. पुस्तकी पल्ला १६ मैल, खरा फार तर ३. जमिनीचं क्षेत्रफळ पल्ल्याच्या वर्गावर जातं. सौदा त्या काळच्या तक्त्यांवरून कागदावर झाला असता तर कंपनीला अठ्ठावीसपट मुलूख मिळाला असता! खरा गोळा मारूनच मोजायचं ठरलं, हे मराठ्यांच्या पथ्यावरच पडलं. जमीन तेवढी वाचली ती हवेच्या रोधामुळे. पण तो रोध केवढा, हे मोजणारा माणूस त्याच किल्ल्यात साठ वर्षांनी येणार होता.

रॉबिन्सला इथली हवा मानवली नाही. आल्यावर दोन महिन्यांतच ताप आला. त्यातून उठला आणि कामाला लागला. मद्रास आणि फोर्ट सेंट डेव्हिड या दोन्ही ठिकाणच्या तटबंदीचे आराखडे त्याने तयार केले. पुढच्या वर्षी पुन्हा तब्येत ढासळली आणि २९ जुलै १७५१ रोजी, कंपनीला पाठवायचा अहवाल लिहिता लिहिता, फोर्ट सेंट डेव्हिडमध्येच तो गेला. वय ४४. लग्न केलेलं नव्हतं. त्याचं विखुरलेलं लिखाण जेम्स विल्सन या मित्राने १७६१ मध्ये दोन खंडांत छापलं.

तो गेल्यावर महिन्याभरात क्लाइव्ह अर्काटवर निघाला आणि पुढचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवलेला आहे. फोर्ट सेंट डेव्हिड मात्र १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने जिंकला आणि सुरुंग लावून पाडला. समुद्राकाठी त्याचे थोडे अवशेष उरले आहेत.

गेल्या रविवारी आम्ही चौघे बाइकवर दौलताबादला गेलो होतो. बुरुजावरच्या मेंढा तोपेपाशी एक गाइड पर्यटकांना तिचा पल्ला छातीठोकपणे सांगत होता. ऐकून सिव्हिलचा आमचा मित्र खिशातून मोबाइल काढून ४५ अंश, व्ही वर्ग भागिले जी असं करायला लागला. मी त्याला विचारलं, व्ही किती धरलास? तो म्हणाला, पल्ल्यावरून काढला.